ऑफिसच्या मशीनवर लॉक स्क्रीन आणि डेस्कटॉप: सक्ती कुठे करावी, कुठे करू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत ऑफिस, साठेक मशीन, एक डोमेन सर्व्हर (सगळ्या मशीनचे आयडी आणि नियम एका जागी सांभाळणारा) आणि आयटी बघणारे तुम्ही एकटे. वरून सांगितलं गेलं की सगळ्यांच्या डेस्कटॉपवर आणि लॉक स्क्रीनवर कंपनीचं चित्र हवं, ते कुणाला बदलता येऊ नये, आणि पाच मिनिटं हात लागला नाही तर मशीन लॉक व्हावं. तुम्ही ग्रुप पॉलिसी लावलीत, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या विंडोज मशीनना एकदम सेटिंग पाठवलंत. काही मशीनवर लॉक स्क्रीन बदलली, काहींवर जुनीच राहिली. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर डेस्कटॉप काळा पडला. आणि पाच मिनिटांच्या लॉकवरून रोज कुणीतरी तुमच्या टेबलाशी येऊन भांडतंय.

तिन्ही गोष्टी एकाच पॉलिसीत लावल्यामुळे त्या एकच अडचण वाटतायत. त्या तीन वेगळ्या आहेत. मुंबईतल्या लहान-मोठ्या ऑफिसांची मशीन बरीच वर्षं सांभाळल्यावर माझं मत असं झालंय: लॉक कधी पडावं हे ऑफिसने ठरवायचं आणि त्यात तडजोड नको. लॉक स्क्रीनवर काय दिसावं हेही ऑफिसनेच ठरवायचं, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसते. डेस्कटॉपचं चित्र मात्र शक्य तिथे माणसावर सोडावं. तुमच्याकडे सगळ्यांत जास्त भर चित्रावर दिला गेलाय आणि लॉकची वेळ एका आकड्यात उरकली गेलीय. मी उलट्या क्रमाने जाते.

आधी लॉकची वेळ. कुठलाही आकडा टाकण्यापूर्वी एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास ऑफिसात नुसतं फिरून या. लोकल पकडायची म्हणून लोक बॅग उचलून थेट लिफ्टकडे पळतात. मागे काय उघडं राहतं ते बघा. अकाउंट्सच्या टेबलावर टॅली उघडं असतं आणि त्याच्या मागे पगाराची एक्सेल. एचआरच्या मशीनवर कुणाचं तरी आधार कार्ड स्कॅन करून पूर्ण स्क्रीनभर ठेवलेलं असतं. रिसेप्शनचा मॉनिटर काउंटरकडे थोडा तिरका केलेला असतो, म्हणजे कुरिअरवाला सही करता करता मेलचे विषय वाचू शकतो. मग दुपारी जेवणाच्या वेळी परत एक फेरी मारा. या दोन फेऱ्यांत तुमचे गट आपोआप पडतील: ज्या मशीनसमोरून बाहेरची माणसं जातात ती, ज्यांवर लोकांचा पैसा किंवा खासगी कागद असतात ती, आणि बाकीची.

पहिल्या दोन गटांना पाच मिनिटं योग्य आहेत आणि त्यावर मी ठाम राहीन. बाकीच्यांना दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. पंधराचा आकडा हवेतून आलेला नाही. कार्ड पेमेंटच्या पीसीआय डीएसएस मानकात पंधरा मिनिटांहून जास्त वेळ काम थांबलं तर पुन्हा ओळख पटवायला सांगितलंय, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सिक्युरिटी बेसलाइनमध्येही (सुरक्षेसाठी सुचवलेल्या सेटिंग्जच्या संचात) ९०० सेकंद म्हणजे पंधरा मिनिटंच आहेत. वरच्यांना हे दोन आधार दाखवलेत तर 'सगळ्यांना पाच' हा हट्ट बहुतेक सुटतो. त्यांना कायद्याचाच आधार हवा असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ दाखवा. लोकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लॉकची वेळ हा त्या वाजवी उपायांतला सगळ्यांत स्वस्त उपाय, त्याला एक पैसाही लागत नाही.

आता हे कुठे लावायचं ते. ग्रुप पॉलिसीत दोन जागा आहेत आणि दोन्ही एकदम लावल्या की गोंधळ होतो. जुनी पद्धत स्क्रीन सेव्हरची: युजर कॉन्फिगरेशनमध्ये, कंट्रोल पॅनेलखाली पर्सनलायझेशनमध्ये स्क्रीन सेव्हर चालू करा, त्याला पासवर्ड लावा, वेळ द्या. हे माणसाच्या आयडीला चिकटतं. दुसरी पद्धत मशीनला चिकटणारी: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, मग विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स, आणि तिथे 'इंटरॅक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट'. मी दुसरी घेते, कारण आपले गट टेबलांवरून पडलेत, माणसांवरून नाहीत. रिसेप्शनच्या मशीनवर कुणीही बसलं तरी पाच मिनिटांतच लॉक पडलं पाहिजे. मशीनचे वेगळे ओयू (डोमेनवरचे गट, ज्यांना वेगवेगळी पॉलिसी लावता येते) करा, प्रत्येकाला त्याची वेळ द्या आणि स्क्रीन सेव्हरची पॉलिसी काढून टाका. ती मागे राहिली आणि तिची वेळ कमी असली तर तीच आधी लागते, आणि तुम्ही मशीनचा आकडा बदलत बसता.

या रकान्यात आकडा सेकंदांत जातो. पाच मिनिटांना ३००, दहाला ६००, पंधराला ९००. कुणी घाईत १५ टाकलं तर पंधरा सेकंद हात लागला नाही की मशीन लॉक होईल आणि तुमचा फोन वाजतच राहील. शून्य टाकलं तर लॉक पडणारच नाही. शिवाय हे सेटिंग लागू व्हायला मशीन रीस्टार्ट व्हावं लागतं. आपल्याकडे लोक संध्याकाळी फक्त मॉनिटरचं बटण बंद करतात, आणि जे शटडाऊन करतात त्यांच्या मशीनवर फास्ट स्टार्टअप चालू असला तर विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन सकाळी तिथूनच उठतो. म्हणून सूचनेत 'शटडाऊन करा' लिहू नका, 'रीस्टार्ट करा' असंच लिहा.

मीटिंग रूमचं मशीन, लॉबीतल्या टीव्हीला जोडलेलं मशीन आणि गोदामातलं बारकोडचं मशीन यांना लॉकच्या या वेळांतून बाहेर ठेवा. त्यांचा ओयू स्वतंत्र, आयडी स्वतंत्र, आणि त्या आयडीला शेअर ड्राइव्हचा किंवा मेलचा हक्क नाही. जे मशीन उघडं राहणारच आहे त्याच्या हातात मुळात काही देऊच नये.

लोकांच्या भांडणाबद्दल. माझा अनुभव असा की लोक लॉक पडण्यावर चिडत नाहीत, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यावर चिडतात. तुमच्याकडे पासवर्ड किती अक्षरी आहे आणि दर किती दिवसांनी बदलायला लावता ते आधी तपासा. चौदा अक्षरी पासवर्ड दिवसात वीसदा टाकायला लावला तर तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटणारच. ज्यांना पाच मिनिटांचं लॉक देताय त्यांना विंडोज हॅलो फॉर बिझनेस द्या: बोट टेकवलं की उघडतं, नाहीतर त्या मशीनपुरता पिन. यूएसबीचा फिंगरप्रिंट रीडर फार महाग नसतो, आणि पाच मिनिटांचा गट लहानच असतो. डोमेनवर हे बसवायला थोडी मेहनत आहे, ती घ्या. एका अकाउंटंटला बोटाने उघडताना बाकीचे बघतात आणि मग तेच येऊन विचारतात की आम्हाला कधी.

त्याच्या जोडीला विंडोज की आणि एल ही सवय. आपोआप पडणारं लॉक हा विसरलेल्यांसाठीचा दुसरा आडोसा आहे, कारण पाच मिनिटंसुद्धा कुणाला एक फोटो काढायला भरपूर झाली. उठताना हात आपसूक त्या दोन कळांकडे गेला पाहिजे. ही सवय मेल पाठवून लागत नाही. टीमचा वरिष्ठ चहाला उठताना स्वतः लॉक करतो की नाही यावरून लागते, म्हणून सुरुवात केबिनमधून करा. डायनॅमिक लॉक नावाची सोय विंडोज १० पासून आहे: फोन ब्लूटूथने जोडला की फोन लांब गेल्यावर मशीन थोड्या वेळाने लॉक होतं. पण टेबलं एकमेकांना चिकटलेल्या ऑफिसात पलीकडच्या पॅन्ट्रीपर्यंतही ब्लूटूथ पोचतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

कुणी माउस हलता ठेवणारं यंत्र लावलेलं सापडलं तर आधी त्या माणसाशी बोला. बहुतेक वेळा कारण साधं असतं: मोठा रिपोर्ट चालू आहे आणि लॉक झालं की तो बंद पडेल अशी भीती. लॉक झाल्यावर प्रोग्रॅम चालूच राहतो, हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं. स्लीप मात्र प्रोग्रॅम थांबवते. तुमच्या पॉलिसीत लॉक आणि स्लीप एकाच वेळेला लावली असेल तर तक्रार खरी आहे. टेबलावरच्या मशीनची स्लीप लांब ठेवा, लॉक जवळ ठेवा.

एक गोष्ट या सगळ्याला पोकळ करून टाकते, ती म्हणजे सामायिक आयडी. शिफ्टमध्ये चालणाऱ्या टेबलांवर 'काउंटर १' असा एकच आयडी आणि सगळ्यांना माहीत असलेला एकच पासवर्ड असेल, तर लॉक पडून काहीच साधत नाही. पुढे काही घडलं तर कुणाच्या हातून घडलं हे सांगताही येत नाही, आणि संशय मग सगळ्यांत नव्या मुलावर किंवा मुलीवर येतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. प्रत्येकाला स्वतःचा आयडी द्या. शिफ्ट संपताना लॉक करून जाण्याऐवजी साइन आउट करायला लावा, नाहीतर एकाच मशीनवर चार जणांची सेशन्स मागे चालू राहतात आणि मशीन रडायला लागतं.

आता लॉक स्क्रीनचं चित्र काही मशीनवर का आलं नाही. नव्वद टक्के शक्यता आवृत्तीची. 'फोर्स अ स्पेसिफिक डिफॉल्ट लॉक स्क्रीन अँड लॉगऑन इमेज' ही पॉलिसी फक्त एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीवर चालते. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ अपडेटपासून प्रो आवृत्ती ती सरळ दुर्लक्षित करते. एरर येत नाही, रिपोर्टमध्ये पॉलिसी लागलेली दिसते आणि चित्र मात्र जुनंच. ज्या मशीनवर बदल झाला नाही त्यांवर सेटिंग्जमधल्या अबाउटच्या पानावर आवृत्ती बघा. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून किंवा ऑनलाइन घाईत घेतलेल्या लॅपटॉपवर तर होम आवृत्तीही निघते. ती डोमेनला जोडताच येत नाही, म्हणजे तिथे तुमची कुठलीच पॉलिसी पोचत नाही. असे लॅपटॉप आधी शोधून प्रोवर न्या, बाकीचं नंतर.

प्रोवर लॉक स्क्रीनचं चित्र बसवायला रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) पर्सनलायझेशन सीएसपी नावाच्या नोंदी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून ढकलतात. हे प्रत्यक्षात चालतं, मात्र साध्या प्रोसाठी मायक्रोसॉफ्टने त्याची हमी दिलेली नाही, म्हणून एखाद्या अपडेटनंतर बंद पडलं तर आश्चर्य मानू नका. केवळ लोगोसाठी साठ एंटरप्राइज लायसन्स घ्यायला मी सांगणार नाही. प्रोच्या मशीनवर तुम्हाला खरोखर जे सांगायचंय ते 'इंटरॅक्टिव्ह लॉगऑन'च्या मेसेज टायटल आणि मेसेज टेक्स्टमध्ये लिहा. साइन-इन करण्याआधी ती पाटी दिसते आणि प्रोवर बिनतक्रार चालते.

आवृत्ती एंटरप्राइज असूनही चित्र आलं नाही तर दोन ठिकाणी बघा. लॉक स्क्रीनची पॉलिसी मशीनची आहे. चित्र वाचायला माणसाचा आयडी जात नाही, मशीनचं खातं जातं. चित्र शेअर फोल्डरमध्ये असेल आणि वाचण्याचा हक्क फक्त डोमेन युजर्सना दिला असेल तर मशीन दारातूनच परत येतं. डोमेन कॉम्प्युटर्सना वाचण्याचा हक्क द्या. दुसरी जागा खुद्द पॉलिसीवरचे हक्क. जून २०१६ मधल्या एमएस१६-०७२ या सुरक्षा अपडेटनंतर माणसाच्या पॉलिसीही मशीनच्या खात्यातून वाचल्या जातात. कुणी सिक्युरिटी फिल्टरिंगमधून, म्हणजे पॉलिसी कुणाला लागावी त्या यादीतून, ऑथेंटिकेटेड युजर्स हा सगळ्यांचा गट काढून फक्त एखादा गट टाकला असेल, तर त्याच्यासोबत डिलिगेशनमध्ये डोमेन कॉम्प्युटर्सना रीड द्यावं लागतं. काही मशीनवर लागतं आणि काहींवर नाही, याच्या मागे हे कारण मी वारंवार पाहिलंय.

चित्र तयार करताना डिझायनरला नुसतं 'लोगो टाक' म्हणून सोडू नका. विंडोज १० मध्ये घड्याळ खाली डावीकडे येतं, विंडोज ११ मध्ये वर मधोमध. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तरी तुमच्याकडे दोन्ही असतील असं धरून चालते. साइन-इनचा रकाना मधल्या पट्ट्यात उघडतो. म्हणजे वरचा मध्य, खालचा डावा कोपरा आणि मधला भाग हे तिन्ही सोडून उजवीकडे खाली जी जागा उरते ती तुमची. जुन्या चौकोनी मॉनिटरवर चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या जातात, नव्या लॅपटॉपवर उंची वेगळी असते, त्यामुळे काठालाही मजकूर नको. एकदा चित्र बनलं की तुमच्याकडचा सगळ्यांत जुना मॉनिटर आणि सगळ्यांत नवा लॅपटॉप या दोघांवर बघा, मगच सगळ्यांना पाठवा. साइन-इनच्या वेळी मागचं चित्र धूसर होतं, तो विंडोजचा स्वभाव आहे. नको असेल तर कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये, सिस्टीमखाली लॉगऑनमध्ये 'शो क्लिअर लॉगऑन बॅकग्राउंड' चालू करा.

मजकूर मराठीतही जरूर लिहा. हाऊसकीपिंगपासून स्टोअरपर्यंत जे जे मशीनजवळ वावरतात त्यांना तो वाचता आला पाहिजे. चित्रातला मजकूर असल्यामुळे मशीनवर फॉन्ट असण्या-नसण्याचा प्रश्न येत नाही, पण डिझायनरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी जाऊन बसतो. छापायला देण्याआधी आपण जसं प्रूफ वाचतो तसं ते वाचा. आणि मजकूर कामाचा असू द्या. 'हे मशीन उघडं दिसलं तर लॉक करा. अडचण आली तर हेल्पडेस्क, एक्स्टेन्शन अमुक.' एवढं पुरे. तिमाहीचं टार्गेट, क्लायंटचं नाव, वाय-फायचा पासवर्ड, सर्व्हरचं नाव यातलं काहीही तिथे जाऊ देऊ नका. मार्केटिंगवाले मागतील, तरी नाही म्हणा.

लॉक स्क्रीनवर चित्रापेक्षा महत्त्वाचं असं बरंच काही आपोआप उमटत असतं, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. फोन लिंक हे विंडोजचं अ‍ॅप वापरून कुणी स्वतःचा फोन मशीनला जोडलाय असं समजा. मशीन लॉक आहे, माणूस जेवायला गेलाय, आणि बँकेचा एसएमएस आला. लॉक स्क्रीनवरच्या सूचना उघड्या असतील तर तो ओटीपी काही क्षण तिथे दिसू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, मेलचा विषय, कॅलेंडरमधली 'अमुकची एक्झिट मीटिंग', सगळं तसंच. लॉक नीट पडलेलं असूनही माहिती बाहेर. सिस्टीमखाली लॉगऑनमध्ये 'टर्न ऑफ अ‍ॅप नोटिफिकेशन्स ऑन द लॉक स्क्रीन' आजच चालू करा, बाकीचं सगळं उद्यावर गेलं तरी चालेल. रिसेप्शन आणि काउंटरच्या मशीनवर शेवटी कोण साइन-इन झालं त्याचं नावही दिसू नये असं करा, म्हणजे समोरच्याला आयडी कसा लिहिला जातो याचा अंदाज येत नाही. बाकी टेबलांवर नाव दिसलं तरी माझी हरकत नाही. रोज आयडी टाइप करायला लावून वैतागाशिवाय फारसं हाती लागत नाही.

डेस्कटॉपकडे वळते. लॅपटॉप काळे पडले कारण तुम्ही चित्राचा पत्ता सर्व्हरच्या शेअरचा दिलाय. बोरिवलीत घरी बसलेल्या माणसाचा लॅपटॉप साइन-इन करताना व्हीपीएनवर (ऑफिसच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणाऱ्या मार्गावर) नसतो, पत्ता सापडत नाही आणि पार्श्वभूमी काळी राहते. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसच्या फाइल्समधून, कॉम्प्युटरच्या बाजूने, चित्र प्रत्येक मशीनच्या सी ड्राइव्हवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि पॉलिसीत तोच पत्ता द्या. लॅपटॉप एकदा ऑफिसच्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनवर आला की चित्र उतरतं आणि पुढे कुठेही सोबत राहतं. लॉक स्क्रीनचं चित्रही असंच ठेवा, शेअरवरच्या हक्कांची भानगड एका ठिकाणी मिटते. पुढे चित्र बदलाल तेव्हा जुन्याच नावाने फाइल बदलू नका. विंडोज डेस्कटॉपच्या चित्राची स्वतःची प्रत बनवून ठेवतं आणि नाव तेच असलं तर जुनंच दाखवत राहू शकतं. नावात वर्ष आणि महिना घाला आणि पॉलिसीत नवा पत्ता द्या. डेस्कटॉपची ही पॉलिसी प्रोवरही चालते, म्हणून इथे आवृत्तीची अडचण आली नाही.

पण ती सगळ्यांवर लावावीच का? मी वरच्यांशी यावर बोलेन. सुरक्षेच्या दृष्टीने डेस्कटॉपच्या चित्राने काडीचाही फरक पडत नाही. दिवसाचे नऊ तास माणूस ज्या चौकटीसमोर बसतो तिथे त्याने मुलीचा फोटो लावला, पंढरपूरचा विठोबा लावला किंवा राजगड लावला, तर ऑफिसचं काय जातं? लॉकची पाच मिनिटं आणि चित्राची सक्ती एकाच दिवशी आली की लोक दोन्हीकडे पाळत म्हणून बघतात, आणि मग लॉकलाही विरोध होतो. लॉकसाठी तुम्हाला लोकांची साथ हवी आहे. ती मिळवायची तर चित्र सोडून द्या. क्लायंटसमोर स्क्रीन शेअर करणारी टीम, रिसेप्शन आणि मीटिंग रूम एवढ्यांना कंपनीचं चित्र लावा. मीटिंग रूममध्ये कुणीही साइन-इन केलं तरी तेच चित्र यावं म्हणून त्या ओयूवर लूपबॅक प्रोसेसिंग (माणसाची पॉलिसी मशीनवरून ठरवण्याची सोय) चालू करा, कारण डेस्कटॉपची पॉलिसी माणसाची असते आणि आपल्याला ती मशीनवरून लावायची आहे.

चित्रापेक्षा डेस्कटॉपवर पडलेल्या फायलींकडे लक्ष द्या. 'सॅलरी फायनल', 'अमुक क्लायंट लीगल नोटीस' अशा नावांच्या फायली स्क्रीन शेअर करताना समोरचा आरामात वाचतो. शिवाय त्या फक्त त्या एका डिस्कवर असतात. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन डिस्क मेली की त्याही गेल्या. डेस्कटॉप फोल्डर सर्व्हरकडे किंवा वनड्राइव्हकडे वळवा, म्हणजे निदान बॅकअपचा प्रश्न सुटतो.

कितीही चांगली पॉलिसी लावलीत आणि लोकांना स्वतःच्या मशीनवर अ‍ॅडमिनचे हक्क असले, तर ती टिकत नाही. साधा युजर पॉलिसीच्या नोंदींना हात लावू शकत नाही, अ‍ॅडमिन लावू शकतो. एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी अख्ख्या टीमला अ‍ॅडमिन करून ठेवलेलं असतं, ते शोधून काढा.

लावण्याची पद्धत. आधी पाच-सहा मशीनचा एक चाचणी गट: एक प्रो, एक एंटरप्राइज, एक लॅपटॉप, एक रिसेप्शनचं, आणि जो सगळ्यांत जास्त तक्रार करतो त्याचं. त्याला आधी घेतलंत की अडचणी आठवड्याभरात कळतात आणि पुढे तोच इतरांना समजावतो. पॉलिसी मशीनवर पोचायला साधारण दीड तास आणि वर अर्ध्या तासापर्यंत इकडे-तिकडे लागतात. घाई असेल तर कमांडमध्ये जीपीअपडेट फोर्स चालवा, आणि काय लागलं ते जीपीरिझल्टचा एचटीएमएल अहवाल काढून बघा. अकाउंट्सला महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी असतं, त्या दिवसांच्या आसपास त्यांच्या मशीनला हात लावू नका. बदलाच्या दोन दिवस आधी चार ओळींची सूचना द्या: काय बदलणार, का बदलणार, कधी रीस्टार्ट करायचं, अडलं तर कुणाला फोन करायचा.

लॉक खरंच पडतंय का हे तपासायला सिक्युरिटी लॉगमध्ये ४८०० हा इव्हेंट लॉक झाल्याचा आणि ४८०१ उघडल्याचा. त्यासाठी 'अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स'चं ऑडिट चालू लागतं. हा लॉग कुणीतरी तुमच्याकडे हजेरी मोजायला मागेल. देऊ नका. कोण किती वेळ जागेवर नव्हतं हे त्यातून काढायला लागलात, तर चहाला उठताना लॉक करणारी माणसं लॉक करणं बंद करतील, आणि तुम्ही एवढं जमवलेलं सगळं एका महिन्यात उलटेल.

लॅपटॉपसाठी दोन गोष्टी आणखी. झाकण मिटलं की स्लीप, आणि स्लीपमधून उठताना पासवर्ड, प्लगवर आणि बॅटरीवर दोन्हीकडे. सिस्टीमखाली पॉवर मॅनेजमेंटच्या स्लीप सेटिंग्जमध्ये पासवर्डची ही पॉलिसी आहे. आणि जे लोक ट्रेनमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून काम करतात त्यांना स्क्रीनवरचा प्रायव्हसी फिल्टर घेऊन द्या. शेजारी बसलेल्याच्या नजरेला कुठलीही पॉलिसी अडवत नाही.

तुम्ही शेवटी डिझाइन टीमच्या मॅक आणि दोन-तीन उबंटू (लिनक्स) मशीनबद्दल विचारलंय. मॅकला ग्रुप पॉलिसी लागत नाही. एमडीएममधून (मशीन दुरून सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमधून) कॉन्फिगरेशन प्रोफाइल पाठवून स्क्रीन सेव्हरची वेळ आणि त्यानंतर लगेच पासवर्ड, एवढं बांधा. उबंटूवर ग्नोम या डेस्कटॉपच्या डीकॉन्फमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या साठ्यात, सिस्टीमच्या पातळीवर निष्क्रियतेची वेळ आणि लॉकचं सेटिंग लिहा, आणि शेजारच्या लॉक्स फोल्डरमध्ये त्याच नोंदींची नावं टाका. ती टाकली नाहीत तर तुमचा आकडा फक्त सुरुवातीचा राहतो आणि वापरणारा तो कधीही बदलू शकतो. डीकॉन्फचं युजर प्रोफाइल उबंटूवर बहुधा तयार नसतं, ते स्वतः बनवून त्यात सिस्टीमच्या डेटाबेसची ओळ घाला, मग डीकॉन्फ अपडेट चालवा आणि त्या माणसाला एकदा लॉग आउट करून परत यायला सांगा.